न जमणाऱ्या क्लबचं काय करायचं?

माझ्या उजव्या कोपराच्या आतल्या हाडाशी थंडीत अजूनही कळ येते. हे दुखणं मला गोल्फच्या थ्री वूडनं दिलं. फेअरवेवरून तो क्लब नीट बसत नव्हता, म्हणून तोच एक क्लब घेऊन मी सकाळच्या सकाळ रेंजवर उभी राहत होते. "सराव वाढवा, जमेल," असं सांगणाऱ्या सगळ्यांचा हेतू चांगलाच होता. पण एखादा क्लब का बसत नाही हेच ठाऊक नसेल, तर त्याचा सराव म्हणजे बिघाडाचीच उजळणी. कोपर काही महिन्यांनी सावरलं. त्याहून मोठं नुकसान वेगळंच होतं. सात नंबरचं आयर्न माझ्या हातात निर्धास्त बसायचं, तेही बिघडलं. चेंडू खालून उचलायची जी सवय थ्री वूडपायी अंगात भिनली होती, ती इतर सगळ्या क्लबांत उतरली होती.

हे सगळं सविस्तर लिहायचं कारण एवढंच, की हा प्रश्न माझ्या एकटीचा नाही. कुणाला ड्रायव्हर दगा देतो, कुणाला चार नंबरचं आयर्न, कुणाला बंकरमधला सँड वेज. क्लब निराळे, पण माणसं वागतात सारखीच. आधी दुर्लक्ष, मग चिडचिड, मग हट्टानं चेंडूंच्या बादल्यांवर बादल्या रिकाम्या करणं, आणि शेवटी महागडा नवा क्लब विकत घेणं. यांतल्या एकाही पायरीवर निदान होत नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत होते. आधी निदान, मग उपचार, आणि उपचार लागू पडत नसेल तर तो क्लब बॅगेतून काढायची तयारी, हा क्रम पाळला तर पैसा, वेळ आणि सांधे तिन्ही वाचतात.

आधी क्लबची चौकशी

माझा पहिला सेट न्यू जर्सीहून आला. आमच्या भाऊजींनी नवा सेट घेतला आणि जुना मोठ्या प्रेमानं माझ्यासाठी सामानात घालून आणला. आपल्याकडे निम्म्या बॅगा अशाच भरतात. कुणाच्या मुलानं परदेशातून आणलेल्या, कुणा सभासदानं विकायला काढलेल्या, कुणाच्या वडिलांनी वापरलेल्या. परदेशी बनावटीच्या नव्या क्लबांच्या किमती पाहता यात गैर काहीच नाही. मात्र दुसऱ्याचा क्लब म्हणजे दुसऱ्याच्या उंचीला, ताकदीला आणि वेगाला बेतलेली वस्तू. ती आपल्या अंगाला बसते का, हे पाहिल्याशिवाय स्वतःच्या स्विंगला दोष देऊ नये.

पाहायचं काय? सगळ्यात आधी शाफ्टवरचं अक्षर. ग्रिपच्या खाली किंवा डोक्याच्या वरच्या बाजूला ते छापलेलं असतं. 'एल' म्हणजे महिलांसाठीचा लवचिक शाफ्ट, 'ए' बहुधा ज्येष्ठांसाठीचा, 'आर' मध्यम, 'एस' ताठ आणि 'एक्स' त्याहून ताठ. कंपनीगणिक यात थोडाफार फरक पडतो, पण अंदाज येतो. भाऊजींच्या थ्री वूडवर 'एस' होतं. ते सहा फुटी, कॉलेजात बास्केटबॉल खेळलेले. माझी उंची पाच फूट दोन इंच आणि गोल्फ हाती घेतला तो चाळिशी उलटल्यावर. बेताच्या वेगाला ताठ शाफ्ट साथ देत नाही. चेंडू खालून, उजवीकडे आणि जीव नसल्यासारखा जातो, आणि हातांना उगाच झटका बसतो.

त्यानंतर पाहायचा लॉफ्ट, म्हणजे क्लबच्या तोंडाचा तिरकेपणा. थ्री वूडचा लॉफ्ट साधारण १५ अंश असतो, फाइव्ह वूडचा १८ च्या आसपास, सेव्हन वूडचा २१ च्या आसपास. हा आकडा बहुतेक वेळा डोक्याच्या तळाशी कोरलेला असतो. आपल्या बॅगेतले सगळे आकडे एकदा कागदावर उतरवून काढा. दोन क्लब एकाच अंतराचे निघतात, कुठे मध्येच मोठी फट दिसते, आणि जो क्लब आपल्याला छळतो तो मुळात कशासाठी ठेवला आहे याचं उत्तरच सापडत नाही, असंही पुष्कळदा होतं.

थ्री वूड जमिनीवरून अवघड का

गोल्फच्या चेंडूचा व्यास नियमानुसार किमान ४२.६७ मिलिमीटर, म्हणजे त्याचा मध्य जमिनीपासून जेमतेम २१ मिलिमीटर उंच. क्लबची खालची कड त्या मध्याच्या वर लागली की चेंडू सरपटत जातो, त्याला आपण टॉप म्हणतो. कड चेंडूच्या आधी मातीत रुतली, तर चेंडू चार पावलांवर पडतो. या दोन टोकांमध्ये एका बोटाच्या पेराएवढीही जागा नाही. त्यात थ्री वूडचा शाफ्ट साधारण ४३ इंच लांब, सात नंबरच्या आयर्नचा ३७ च्या आसपास. शाफ्ट जितका लांब तितकी डोक्याची फेरी मोठी, आणि खांद्यातली किंवा गुडघ्यातली लहानशी हालचालही खाली मोठी होऊन पोचते. ड्रायव्हर याहूनही लांब असतो, पण त्याला टीचा आधार आहे. चेंडू हवेत ठेवलेला असतो आणि डोकं भलंमोठं, नियमानं ४६० घन सेंटिमीटरपर्यंत. फेअरवेवर थ्री वूडला टी नाही, आणि डोकंही त्यामानानं लहान.

दुसरी गोष्ट वेगाची. चेंडू हवेत टिकतो तो वेग आणि मागे फिरणारी गिरकी या दोहोंच्या जोरावर. पुरुष व्यावसायिकांच्या ड्रायव्हरच्या डोक्याचा सरासरी वेग ताशी ११३ मैलांच्या आसपास असतो, महिला व्यावसायिकांचा ९४ च्या आसपास. आपण रविवारी खेळणारी माणसं यांच्या बरीच खाली. वेग कमी असला की १५ अंशांच्या क्लबनं नीट बसलेला चेंडूसुद्धा पुरेसा उंच चढत नाही आणि लवकर खाली येतो. त्यामुळे बेताच्या वेगाच्या खेळाडूला फाइव्ह वूड आणि थ्री वूड यांच्या अंतरात नावालाच फरक दिसतो. काही वेळा तर जास्त लॉफ्टचाच क्लब लांब जातो.

आणि तिसरी गोष्ट आपल्या मनाची. क्लबचं तोंड सरळ उभं दिसतं, चेंडू गवतात खाली बसलेला दिसतो, आणि शरीर ठरवून टाकतं की याला आपणच वर उचलायला हवं. वजन मागच्या पायावर राहतं, मनगटं आधीच सुटतात, उजवा खांदा खाली जातो. परिणामी चेंडू टॉप होतो किंवा माती उडते. तो उडाला नाही म्हणून पुढच्या वेळी आपण अजून जोरानं उचलायला जातो. माझ्या सात नंबरच्या आयर्नला लागलेली कीड हीच.

१९३५ च्या मास्टर्समध्ये जीन सॅराझेन पंधराव्या होलवर पाण्यापलीकडच्या ग्रीनपासून सुमारे २३५ यार्डांवर उभे होते. अंतराचा विचार केला तर तीन नंबरचा वूड हवा होता. पण चेंडू म्हणावा तसा चांगला बसलेला नव्हता. तीन नंबरनं तो तिथून उठणार नाही हे ओळखून त्यांनी चार नंबरचा वूड घेतला आणि चेंडू थेट होलमध्ये गेला. पार पाचच्या होलवर दोन शॉट. तो अल्बाट्रॉस गोल्फच्या इतिहासात अजरामर झाला. त्याच्या बळावर त्यांनी बरोबरी साधली आणि दुसऱ्या दिवशी प्लेऑफ जिंकून स्पर्धा खिशात घातली. चेंडू होलमध्ये जाण्यात दैवाचा हात असेल, पण क्लबची निवड त्यांची होती, आणि ती चेंडू कसा बसला आहे हे पाहून केलेली होती.

निदान कसं करायचं

कोपर दुखावल्यावर फिजिओथेरपिस्ट बाईंनी खेळ बंद ठेवायला सांगितला, तेव्हा एका प्रशिक्षकांनी माझा थ्री वूड मागून घेतला आणि उलटा करून उन्हात धरला. तळाच्या पुढच्या कडेला बारीक ओरखडे होते, सगळे टाचेच्या बाजूला, म्हणजे शाफ्ट जिथे डोक्याला मिळतो तिकडे. तोंडाच्या मधोमध रंग नव्यासारखा होता. ते म्हणाले, "ताई, हा क्लब मधोमध लागलेलाच नाही. मग तुम्ही सराव कशाचा करत होता?"

पुढे बरं वाटल्यावर त्यांनी जी पद्धत शिकवली, ती कुठल्याही क्लबला लागू पडते. व्हाइटबोर्डवर लिहायचा मार्कर घ्या आणि चेंडूच्या मागच्या बाजूला ठसठशीत ठिपका काढा. ठिपका क्लबकडे येईल असा चेंडू ठेवा आणि मारा. ठिपक्याची शाई क्लबच्या तोंडावर उमटते. ती पाहून ठेवा, कापडानं पुसा, पुन्हा मारा. मूठभर चेंडू पुरतात. शाई विखुरलेली असेल, तर प्रश्न तोलाचा किंवा घाईचा आहे. शाई दर वेळी एकाच चुकीच्या जागी असेल, तर उभं राहण्यात किंवा क्लबच्या मापात काहीतरी ठरावीक बिघाड आहे, आणि तो लवकर सुटतो. माझी शाई टाचेकडे आणि खाली होती. ताठ शाफ्ट ओढून आणण्याच्या नादात मी चेंडूवर झुकत होते.

यानंतर तोच क्लब तीन प्रकारे मारून पाहा: बुटक्या टीवरून, मऊ गवतावर वर बसलेल्या चेंडूला, आणि उघड्या, कडक जमिनीवरच्या चेंडूला. टीवरून चांगला आणि जमिनीवरून वाईट जात असेल, तर लॉफ्ट अपुरा पडतो आहे किंवा आपण चेंडू उचलायला जातो आहोत. टीवरूनही वाईट जात असेल, तर शाफ्ट, लांबी किंवा मूळ स्विंग यांकडे पाहावं लागेल. रेंजवर चांगला आणि मैदानात वाईट जात असेल, तर रेंजवरच्या मॅटनं तुमची फसवणूक केलेली आहे.

हे मॅटचं नीट समजून घ्या. मॅटवर क्लब चेंडूच्या दोन इंच मागे टेकला तरी घसरत पुढे जातो आणि चेंडू बऱ्यापैकी उडतो. डोळ्यांना वाटतं, शॉट जमला. तोच फटका फेअरवेवर मातीत थांबतो. शिवाय मॅटखाली बहुधा काँक्रीट असतं, आणि मागे टेकलेल्या प्रत्येक फटक्याचा हादरा मनगटातून कोपरात जातो. माझं कोपर असंच दुखावलं. कोपराच्या आत दुखू लागलं, मूठ आवळताना किंवा दाराची कडी फिरवताना कळ आली, तर त्याच दिवशी थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. पट्टा बांधून खेळत राहिल्यानं दुखणं लांबतं.

शाई पाहून झाली की चेंडूचं उड्डाण पाहा. चेंडू सुरुवातीला ज्या दिशेला निघतो, ती बव्हंशी क्लबचं तोंड टक्कर होताना जिकडे होतं ती दिशा. नंतर तो वळतो, तो तोंडाची दिशा आणि क्लबचा मार्ग यांतल्या फरकामुळे. उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू सरळ निघून उजवीकडे वळत असेल, तर तोंड लक्ष्याकडे आणि मार्ग बाहेरून आत आहे. एवढं कळलं तरी निम्मे फुकटचे सल्ले बाजूला ठेवता येतात.

आपली जमीन, आपले ऋतू

गोल्फची बरीच पुस्तकं थंड प्रदेशातल्या गवतावर लिहिली गेली आहेत. आपल्या मैदानांवर वर्षात तीन वेगळे खेळ होतात. येरवड्याच्या मैदानावर मे महिन्यात सकाळी साडेसहाला पाऊल टाका. जमीन टणक झालेली असते आणि गवत विरळ. वूडचा रुंद तळ अशा जमिनीवर आदळून उसळतो आणि कड चेंडूच्या पोटात लागते. अशा वेळी आयर्न किंवा बारीक तळाचा हायब्रिड सुरक्षित, आणि टणक जमिनीवर चेंडू घरंगळतही पुष्कळ जातो.

जुलैत उलट होतं. चेंडू पडला तिथेच थांबतो, अंतर कमी पडतं, म्हणून हात आपोआप लांब क्लबकडे जातो. नेमकं त्याच दिवसांत रफमधलं गवत ओलं, दाट आणि चिवट असतं. ते क्लबच्या मानेला गुंडाळतं आणि तोंड बंद करतं. एका पावसाळी सकाळी पार पाचच्या होलवर मी थ्री वूडवरचं कव्हर काढलं. कॅडी वाकून चेंडूकडे पाहत होता. म्हणाला, "मॅडम, बॉल खाली बसलाय. वूड ठेवा, सात नंबर घ्या. पाणी पुढं हाय, तिथंवर नको जायला." मी सात नंबर घेतलं. चेंडू फेअरवेवर आला, तिसरा शॉट ग्रीनच्या तोंडाशी गेला आणि बोगी निघाली. आपल्या मैदानावर रोज सकाळ काढणाऱ्या कॅडीला त्या गवताची जी जाण असते, ती आपल्याला यायला वर्षं जातात. त्याचं ऐकावं.

पावसाळ्यासाठी नियमाची एक सोयही लक्षात ठेवावी. चेंडू साचलेल्या तात्पुरत्या पाण्यात असेल किंवा मैदानाच्या सर्वसाधारण भागात स्वतःच्याच आघातानं जमिनीत रुतला असेल, तर दंडाशिवाय चेंडू उचलून ड्रॉप करता येतो. तसाच मारण्याचा अट्टहास करू नये. हिवाळ्यात दव असतं. दरेक शॉटआधी क्लबचं तोंड आणि ग्रिप कोरडी पुसावी, नाहीतर चेंडूला पुरेशी गिरकी मिळत नाही.

सुधारायचा असेल तर

क्लब मापाचा आहे, लॉफ्ट आपल्या वेगाला पेलणारा आहे आणि दोष स्विंगमध्येच आहे असं दिसलं, तर सुधारणा जरूर करावी. मला उपयोगी पडलं ते असं.

चेंडू डाव्या टाचेच्या रेषेपासून थोडा आत ठेवा, ड्रायव्हरइतका पुढे नको. क्लब ग्रिपच्या टोकापासून इंचभर खाली धरा. अंतर थोडं घटतं, पण चेंडू मधोमध लागण्याची शक्यता वाढते. सुरुवातीला अर्ध्या टीवर चेंडू ठेवा, मग टी जमिनीत पूर्ण खुपसून फक्त तिचं डोकं वर राहील इतकी, आणि ते बसू लागल्यावरच गवतावर या. चेंडूविना नुसतं गवत घासत जाण्याचा सराव करा. अंगणात खराटा फिरवताना तो माती खणत नाही आणि अधांतरीही राहत नाही, तसा क्लबचा तळ गवतावरून गेला पाहिजे. गवत कुठे घासलं गेलं ते पाहा. ती जागा चेंडूच्या मागे येत असेल, तर वजन अजून मागच्याच पायावर आहे. व्यावसायिक खेळाडूंचा थ्री वूडसुद्धा चेंडूवर किंचित खाली येतानाच लागतो. चेंडू वर नेण्याचं काम लॉफ्टचं आहे.

फटका पाऊणच असू द्या. शॉट संपताना उजव्या बुटाची टाच आकाशाकडे आणि पोट लक्ष्याकडे आलं आहे का, एवढंच तपासा. एका वेळी एकच गोष्ट. चार सूचना डोक्यात घेऊन उभं राहिलं, की एकही पाळली जात नाही.

सरावाची हद्द आधीच ठरवून घ्या. आवडीच्या क्लबनं सुरुवात, मधे थोडे चेंडू नावडत्या क्लबचे, आणि शेवट पुन्हा आवडीच्या क्लबनं. अति तिथं माती ही म्हण गोल्फच्या रेंजवर शब्दशः खरी ठरते. सलग चार-पाच चेंडू बिघडले, तर क्लब ठेवून द्या. त्यापुढे शरीर शिकत नाही, थकवा आणि राग तेवढे मुरतात. शक्य असेल तिथे मॅट सोडून गवतावर सराव करा. आणि ज्या क्लबची धास्ती आहे, तो मैदानात पहिल्यांदा काढाल तेव्हा समोर पाणी किंवा बंकर नसेल अशी जागा निवडा.

हिशेब मांडा

सुधारणेला वेळ द्यावा, पण बेमुदत नाही. एका ऋतूभर प्रामाणिक प्रयत्न करून पाहिला की कागदावर हिशेब मांडावा.

समजा, एखाद्या खेळाडूचा थ्री वूड चांगला बसला तर १६० यार्ड जातो, पण तो तीनांतून एकदाच बसतो आणि उरलेले दोन ६० यार्डांवर थांबतात. सरासरी निघते ९३ यार्ड. त्याच हातातलं सात नंबरचं आयर्न दर वेळी १०० यार्ड सरळ जात असेल, तर लांब क्लब घेऊन आपण अंतर गमावतो आहोत. झाडांत गेलेले आणि पाण्यात पडलेले चेंडू तर यात धरलेलेच नाहीत. आपल्या आठवणीत तो एक चांगला शॉट राहतो. स्कोअरकार्डावर तिन्ही उतरतात.

४५० यार्डांच्या पार पाचवर ड्राइव्ह १६० गेला, तर उरतात २९०. तीन शॉट ९७ यार्डांचे मारले तरी चारांत ग्रीनवर पोचता येतं, आणि दोन पटनी बोगी निघते. मधल्या हँडिकॅपच्या खेळाडूला बोगीची लाज वाटायचं काहीच कारण नाही. खेळ बिघडतो तो आठ आणि नऊ आकड्यांनी, आणि हे आकडे बहुतेक वेळा न पेलणाऱ्या क्लबच्या पाठोपाठ येतात.

बॅगेतून काढणं ही हार नव्हे

नियमांत जास्तीत जास्त १४ क्लबांची मर्यादा आहे. १९३८ मध्ये ती अमेरिकेत लागू झाली, पुढच्या वर्षी ब्रिटनमध्ये. मर्यादा ओलांडली तर स्ट्रोक प्लेमध्ये ज्या होलवर चूक घडली त्या प्रत्येकासाठी दोन शॉटचा दंड, फेरीत जास्तीत जास्त चार. पण कमी क्लब घेऊन खेळायला कुठलीच आडकाठी नाही. थ्री वूड घरी ठेवून १३ क्लब घेऊन गेलात, तरी कुणी विचारणार नाही.

त्याची जागा भरायचीच असेल, तर पर्याय पुष्कळ आहेत. सेव्हन वूडचं डोकं थ्री वूडपेक्षा लहान, शाफ्ट आखूड आणि लॉफ्ट जास्त, त्यामुळे रफमधूनही चेंडू सहज चढतो. कुणाला तो म्हाताऱ्यांचा क्लब वाटत असेल, तर डस्टिन जॉन्सनसारख्या दणदणीत मारणाऱ्या खेळाडूनं २०२० ची मास्टर्स जिंकली तेव्हा त्याच्या बॅगेत सेव्हन वूड होता. हायब्रिडमध्ये वजन तळाशी आणि मागे असतं, म्हणून लांब आयर्नपेक्षा तो माफ करणारा. २००९ च्या पीजीए स्पर्धेत दक्षिण कोरियाच्या वाय. ई. यांगनं शेवटच्या होलवर हायब्रिडनंच चेंडू ध्वजाजवळ आणून ठेवला आणि टायगर वूड्सला हरवलं. मेजर जिंकणारा आशियात जन्मलेला तो पहिला पुरुष.

मला सगळ्यात जास्त धीर दिला तो अदिती अशोकनं. टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ च्या ऑगस्टमध्ये, तिची आई बॅग उचलून बरोबर चालत होती आणि ती पदकाच्या शर्यतीत शेवटच्या होलपर्यंत टिकून होती. तिचे ड्राइव्ह इतरांच्या मानानं आखूड पडत होते. दुसऱ्या जणी ग्रीनसाठी आयर्न काढत, तिथे तिला वारंवार वूड किंवा हायब्रिड काढावा लागे. तरी ती चौथी आली, कांस्यपदकापासून अवघा एक शॉट दूर. आपल्याला काय पेलतं हे नेमकं ओळखून त्याच बळावर जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंशी झुंजता येतं, हे तिनं साऱ्या देशाला दाखवलं.

याच्या उलट उदाहरण हेन्रिक स्टेनसनचं. २०१६ च्या ब्रिटिश ओपनमध्ये शेवटच्या फेरीत ६३ मारून तो जिंकला. थ्री वूड हे त्याचं सगळ्यात भरवशाचं हत्यार होतं, आणि टीवरूनही अनेकदा तो ड्रायव्हरऐवजी तोच काढायचा. क्लब मुळात वाईट नसतो. तो कुणाच्या हातात, कुठल्या वेगानं आणि कुठल्या जमिनीवर फिरतो, यावर सगळं ठरतं.

नवा क्लब घेण्याआधी एक पथ्य पाळा. सोबतच्या खेळाडूकडून एखाद्या सकाळपुरता मागून घ्या, निदान रेंजवर मारून पाहा, आणि शाई कुठे उमटते ते बघा. स्पर्धेची फेरी चालू असताना मात्र दुसऱ्याचा क्लब घेऊन मारू नका, त्याला दंड आहे. दुकानात एकच चांगला शॉट बसला म्हणून पैसे मोजू नका. त्या क्लबचा वाईट शॉट कुठे जातो, ते आधी पाहा.

काढता न येणारे क्लब

क्लब बॅगेतून काढण्याचा हा सल्ला सगळ्या क्लबांना लागू नाही. थ्री वूड, लांब आयर्न, अगदी ड्रायव्हरसुद्धा काही काळ घरी ठेवून खेळ चालतो. टीवरून हायब्रिड मारा, काही बिघडत नाही. पण पटर आणि सँड वेज यांना पर्याय नाही. बंकरमध्ये चेंडू जाणारच आणि जवळजवळ दरेक होलचा शेवट पटरनंच होणार. हे क्लब जमत नसतील, तर पळवाट शोधू नका. जाणत्या प्रशिक्षकाकडे जा आणि मुळापासून शिका. सुदैवानं दोन्हींना ताकद लागत नाही, सरावानं अंग दुखावण्याची भीतीही कमी, आणि स्कोअर सगळ्यात लवकर उतरतो तो इथेच. जो वेळ मी थ्री वूडवर घालवत होते, तो आता ग्रीनभोवती देते.

माझा थ्री वूड मी एका उंच, तरुण खेळाडूला देऊन टाकला. त्याच्या हातात तो छान बसतो. माझ्या बॅगेत आता 'एल' शाफ्टचा सेव्हन वूड आहे आणि सात नंबरचं आयर्न पुन्हा पूर्वीसारखं चाललं आहे.

तुमच्याही बॅगेत असा एक क्लब असेल, तर येत्या आठवड्यात इतकंच करा. त्याच्या शाफ्टवरचं अक्षर आणि तळावरचा आकडा वाचा. मार्कर घेऊन मूठभर चेंडू मारा आणि शाई कुठे उमटते ते लिहून ठेवा. टीवरून, गवतावरून आणि कडक जमिनीवरून तो कसा जातो ते पाहा. मग ती माहिती घेऊन प्रशिक्षकाकडे जा, किंवा मापाचा क्लब शोधा, किंवा एक ऋतू त्याच्याविना खेळा. तिन्ही मार्ग चांगले आहेत. फक्त कारण न शोधता, दुखत्या हातानं, आणखी एक बादली मारू नका.